गुगल क्लासरूम: मुलांना ऑनलाइन बोलायची रीत शिकवायला कितपत कामाचं?

कोकणातल्या बऱ्याच शाळांत मुलांचं ऑनलाइन बोलणं म्हणजे वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप. मोबाईल बहुधा आईचा. त्यामुळे 'उद्या शाळा आहे का' हा प्रश्न गणपतीचा फोटो लावलेल्या नंबरावरून येतो आणि विचारणारं पोर कोण, ते कळत नाही. रीत शिकवायला गुगल क्लासरूम, म्हणजे शिक्षकांनी ऑनलाइन वर्ग चालवायची गुगलची सोय, त्याहून सरस आहे, पण मिळतं तसंच वापरलं तर नाही.

नवा वर्ग उघडला की स्ट्रीमवर, म्हणजे वर्गाच्या सामायिक पानावर, वर्गातलं कुणीही पोस्ट टाकू शकतं. दोन दिवसांत नुसत्या 'हाय'चा ढीग होतो. म्हणून सेटिंगमध्ये जाऊन पहिले पंधरा दिवस मुलांना फक्त कमेंटची मुभा ठेवावी. तिथेच डिलीट केलेल्या गोष्टी दाखवण्याचा पर्याय आहे. तो चालू केला की मुलाने पुसलेलं शिक्षकांना दिसत राहतं. हे मुलांना आधी सांगावं. न सांगता केलं तर ती पाळत होते.

सगळ्यात मोलाची सोय म्हणजे असाइनमेंटखालची (दिलेल्या अभ्यासाखालची) प्रायव्हेट कमेंट, जी फक्त ते मूल आणि शिक्षक यांनाच दिसते. चुकीचं बोललेल्या मुलाला चारचौघांत टोकलं की ते गप्प बसतं किंवा उलटून बोलतं. इथे तेच वाक्य नीट लिहून घेता येतं. नमुना असा द्यावा: 'बाई, मी नववी ब, हजेरी क्रमांक 17. सरावसंच 3.2 मधलं चौथं उदाहरण दोनदा केलं, उत्तर जुळत नाही. वहीचा फोटो जोडलाय.' संबोधन, ओळख, एकच अडचण, आपण काय करून पाहिलं. एवढं जमलं तरी अर्धी लढाई झाली. मालवणीतलं 'काय ता सांग' तोंडी गोड लागतं. पडद्यावर आवाज नसतो, म्हणून हुकूम वाटतो. बोली चुकीची नाही, लिहिताना 'सांगाल का' जोडायचं, इतकंच.

मतभेद नीट मांडायला शिकवायचं तर 'क्वेश्चन' ही वर्गाला एक प्रश्न टाकायची सोय वापरावी. एकमेकांना उत्तर देण्याची मुभा चालू ठेवली, तर स्वतःचं उत्तर दिल्यावरच इतरांची दिसतात, त्यामुळे नक्कल टळते. विषय जवळचा घ्या: 1 जून ते 31 जुलै ही 61 दिवसांची मासेमारी बंदी वाढवावी का? एकाच बाकावर रापणवाल्याचा (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्याचा) आणि पर्ससीनवाल्याचा (बोटीतून मोठं घेरजाळं टाकणाऱ्याचा) मुलगा असू शकतो, म्हणून नियम कडक: आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत एका ओळीत, मग आपलं कारण. 'तुझे बाबा' हे शब्द आले की कमेंट काढायची. कुणी ऐकेचना, तर त्याला म्यूट करता येतं, म्हणजे त्याचं पोस्ट-कमेंट करणं बंद होतं. पण रुसव्याशिवाय त्यातून फारसं काही निघत नाही.

उणं काय? स्वतःच्या गुगल खात्यासाठी भारतात वयाची 13 वर्षं पुरी लागतात, त्यामुळे पाचवी-सहावीला पालकांच्या देखरेखीतलं खातं किंवा शाळेचं खातं पाहावं लागतं. शिवाय मुलांची खरी भांडणं व्हॉट्सॲपवरच होतात, म्हणून शिकलेलं पुढे तिथेही करून घ्यावं लागतं. तिथे पाठवलेला मेसेज 15 मिनिटं दुरुस्त करता येतो, हे मुलांना सांगाच. पावसाळ्यात लाइट गेली, टॉवर बंद पडला की आठला लिहिलेला मेसेज रात्री अकराला पोचतो. अवेळी आला म्हणून लगेच मुलाला उद्धट ठरवू नये.