तळमजला अधिक दोन पझल पार्किंग: एक पावसाळा धरून वापरल्यानंतरचा अनुभव

मुंबईत पुनर्विकासात मिळालेल्या आमच्या इमारतीत पझल पार्किंगची दोन मॉड्यूल, म्हणजे दोन स्वतंत्र यंत्रं आहेत. यात प्रत्येक गाडी पॅलेटवर, म्हणजे लोखंडी पाटावर, उभी राहते आणि यंत्र ते पाट वर-खाली व बाजूला सरकवून हवी ती गाडी खाली आणतं. प्रत्येकात शेजारी-शेजारी पाच उभ्या रांगा, तीन मजले. यंत्राबद्दल मोठी तक्रार नाही. जो त्रास होतो त्याचं मूळ जवळजवळ सगळं आरसीसी ड्रॉइंगमध्ये (इमारतीच्या कॉलम-बीम-स्लॅबच्या आराखड्यात) आहे, म्हणून पुनर्विकासाच्या वाटेवर असलेल्या सोसायट्यांसाठी हे सविस्तर लिहीत आहे.

आधी गाड्यांचा हिशेब. पाच त्रिक पंधरा, पण गाड्या बसतात १३. वरची गाडी खाली आणायची तर खालच्या प्रत्येक मजल्यावर एक घर (एका गाडीची जागा) रिकामं लागतं, तरच पॅलेट बाजूला सरकतात. सर्वांत वरच्या मजल्याला ते लागत नाही. म्हणजे तीन मजली मॉड्यूलमागे दोन घरं गेली. बिल्डरच्या तक्त्यात १५ लिहिले असतील तर तिथेच हरकत घ्या.

मग दहा रांगांचं एकच मॉड्यूल केलं तर २८ गाड्या बसतील, आमच्याकडे २६ बसतात. तरीही दोन मॉड्यूलच घ्यावीत. एका वेळी एकच गाडी बाहेर पडते. कोणी आत असेपर्यंत सेन्सर यंत्र अडवून ठेवतो. पॅलेट येणं, माणसानं बसणं, गाडी निघणं मिळून सरासरी दोन मिनिटं धरा. सकाळी सगळे एकदम निघाले तर १३ गाड्यांना २६ मिनिटं, २८ गाड्यांना जवळपास तास. शिवाय एक मॉड्यूल बंद पडलं तरी दुसरं चालू राहतं.

सर्वांत जास्त डोकेदुखी उंचीची. आमच्या तळाच्या घरांना २००० मिमी मोकळी उंची आहे, वरच्या दोन मजल्यांना १५५०. स्विफ्ट वर बसते. क्रेटा १६३५ मिमी उंच, ती बसत नाही. स्कॉर्पिओ-एन १८५७ मिमी उंच आणि आरसे सोडून १९१७ मिमी रुंद. ती तळालाच, आणि तिथेही दार जपून उघडावं लागतं. सभासदानं हॅचबॅक विकून एसयूव्ही घेतली की घराच्या अदलाबदलीची विनवणी सुरू. तिन्ही मजल्यांवर एसयूव्ही हवी असेल तर साधारण साडेसहा ते सात मीटर लागतात. आमच्यासारख्या रचनेला सहाच्या आत भागतं. हे माप स्लॅबपर्यंतचं नव्हे, बीमच्या तळापर्यंतचं, आणि त्याखालून जाणारी स्प्रिंकलरची व ड्रेनेजची लाइन वजा करून. चौथ्या महिन्यात लटकलेला एक ड्रेनेज पाइप वरच्या पॅलेटच्या वाटेत आला, तो वळवून घ्यावा लागला.

कॉलमचंही तसंच. एका रांगेला पोस्टसह (यंत्राच्या उभ्या लोखंडी खांबांसह) साधारण अडीच मीटर रुंदी लागते, म्हणजे तीन रांगांना दोन कॉलममध्ये साडेसात मीटर मोकळे. ७.२ मिळाले तर एक रांग जाते किंवा पॅलेट अरुंद होतात. पुढे गाडी वळवायला सहा मीटर हवेत. तिथे दुचाकी लावायला पहिल्या दिवसापासून बंदी घाला. यंत्र जमिनीवर नव्हे तर पोडियमच्या स्लॅबवर बसणार असेल तर पोस्टचा भार एका ठिकाणी येतो, तो स्ट्रक्चरल इंजिनिअरला आधीच द्या. स्लॅब पोस्ट-टेन्शन (आत ताणलेल्या पोलादी केबलांचा) असेल तर अँकर बोल्टच्या जागा कास्टिंगपूर्वी ठरायलाच हव्यात. नंतर ड्रिल मारताना आतली केबल तुटली तर दुरुस्ती फार अवघड.

पावसाळ्यात वरच्या गाडीचं चिखलपाणी खालच्या टपावर गळतं. पॅलेटच्या कडेला उभी पट्टी आणि मागच्या टोकाला निचरा असला तरच ते थांबतं. आमच्याकडे पट्टी होती, पण निचऱ्याची भोकं पानांनी बुजत होती. आता दर आठवड्याला साफ होतात. पॅलेट गॅल्व्हनाइज्डच (जस्ताचा मुलामा दिलेलेच) मागा, रंगवलेल्यांना चाकांच्या रेषेत लवकर गंज धरतो. पिट असलेली, म्हणजे एक मजला जमिनीखालच्या खड्ड्यात असलेली रचना सुचवली जाईल, कारण तिथे फक्त जमिनीच्या मजल्यावर एकच घर रिकामं ठेवावं लागतं आणि पाच रांगांत १४ गाड्या बसतात. सखल भागात मात्र वॉटरप्रूफिंग, सम्प (पाणी गोळा होण्याचा खड्डा) आणि दोन पंप यांची खात्री असल्याशिवाय होकार देऊ नका.

वीज गेली की जनरेटरवर यंत्र चालायला हवं, म्हणून मोटर सुरू होतानाचा भार धरूनच जनरेटरची क्षमता काढा. ईव्ही चार्जिंग सरकत्या पॅलेटवर नको, त्यासाठी दोन-चार स्थिर घरं वेगळी राखा. यंत्राच्या मोटरचा ब्रेक हातानं सोडून पॅलेट उतरवण्याची पद्धत किमान दोन वॉचमनना शिकवून ठेवा. वॉरंटी संपल्यानंतरच्या एएमसीचा (वार्षिक देखभाल कराराचा) दर ऑर्डर देतानाच लेखी घ्या, नंतर घासाघीस करायला हातात काही उरत नाही.

महारेराच्या (गृहप्रकल्पांवरच्या राज्याच्या नियामक प्राधिकरणाच्या) २०२४ च्या आदेशानुसार पार्किंगचा क्रमांक, लांबी, रुंदी, उंची आणि जागा करारासोबतच्या परिशिष्टात द्यावी लागते. मेकॅनिकल पार्किंगमध्ये ही मापं पॅलेटवरची मोकळी मापं आहेत असं स्पष्ट लिहून घ्या, आणि ताबा घेताना टेप लावून प्रत्येक मजला मोजा.