एस-टेनला मागनं फोर-लिंक किट बसवलं, त्याचा अनुभव

माझी १९९१ ची शेव्ही एस-टेन पिकअप आहे, दोन माणसांची केबिन आणि छोटा हौदा. ह्यूस्टनजवळ कॉनरोला लोन स्टार थ्रोडाउन या ट्रक शोमध्ये जमिनीला टेकलेल्या मिनी ट्रक बघितल्या तेव्हापासून डोक्यात होतं की आपली पण अशीच बसवायची. चॅसीला सी-नॉच (ॲक्सलला वर यायला जागा देणारी सी आकाराची खाच) मारून झाली, एअरबॅगा (पाट्यांच्या जागी वजन घेणाऱ्या हवेच्या रबरी पिशव्या) आल्या, मग मागचं फोर-लिंक किट, म्हणजे ॲक्सल चॅसीला धरून ठेवणाऱ्या चार दांड्यांचं (लिंकांचं) किट, मागवलं. दुकानाचं नाव लिहीत नाही, तसलीच किटं बरेच जण विकतात आणि मला आलेली अडचण त्यातल्या कुठल्याही किटला येऊ शकते.

लिंका कशाला लागतात ते आधी सांगतो. मिरजेला बाबांच्या ट्रकचे पाटे बघत मोठा झालोय, पाटा वजन तर झेलतोच पण ॲक्सल पुढं-मागं, आडवा सरकू नये आणि इंजिनाच्या जोरानं गरगर फिरू नये हे पण तोच बघतो. एअरबॅग फक्त वजन घेते, बाकी काही धरत नाही. म्हणजे पाटे काढले की ती सगळी कामं चार लिंका आणि एका आडव्या पॅनहार्ड दांडीवर येतात, आणि ती नीट होतात की नाही हे भोकं कुठं पाडली त्यावर ठरतं.

माल एक नंबर आहे. पाव इंची प्लेटचे ब्रॅकेट, कडा स्वच्छ कापलेल्या, जाड नळी, एका टोकाला उलटे आटे त्यामुळं लिंक न काढता लांबी कमीजास्त करता येते. याला पूर्ण मार्क.

पण सोबतचा कागद! त्यात खालची लिंक २४ इंच, वरची १६, आणि वरची पुढच्या बाजूला १० अंश खाली उतरलेली. मी नुसते टॅक (वेल्डिंगचे कच्चे ठिपके) मारले, बॅगा काढून ठेवल्या आणि जॅकनं ॲक्सल ४ इंच वर, ४ इंच खाली करत पिनियनवर (ॲक्सलचं पुढचं नाक, जिथं प्रोपेलर शाफ्ट जोडतो) अँगल गेज ठेवला, तर पूर्ण चालीत पिनियन १० अंशांच्या आसपास फिरतोय. वरची आखूड लिंक मोठा कोन घेऊन झपकन पुढं खेचते, खालची आडवी असल्यानं जेमतेम पाव-अर्धा इंच सरकते, त्यामुळं ॲक्सलचं वरचं अंग पुढं कलतं आणि पिनियनचं नाक खाली जातं. गिअरबॉक्सचा आणि पिनियनचा कोन जुळला नाही की प्रोपेलर शाफ्ट थरथरणार आणि त्याच्या सांध्यातले क्रॉस लवकर जाणार, हे ठरलेलंच.

मग गॅरेजच्या फरशीवर प्लायवूडची शीट टाकली, त्यावर खऱ्या मापात लाकडी पट्ट्या खिळ्यांवर फिरवत बसलो, दोन रविवार त्यातच गेले पण खूप मजा आली. वरच्या लिंका २० इंच केल्या आणि पुढचं भोक वर घेऊन उतार ४ अंशांवर आणला, तर तेच फिरणं ४ अंशांवर आलं. याची किंमत पण आहे, दोन्ही लिंकांच्या रेषा पुढं जिथं मिळतात तो बिंदू ॲक्सलपासून ४५ इंचांवरनं ११४ इंचांवर गेला, म्हणजे अँटी-स्क्वॉट (निघताना मागचा भाग बसू न देणारा जोर) कमी झाला आणि जोरात निघताना मागं जरा बसते. मला ड्रॅग रेस लावायची नाही, त्यामुळं मला तरी चालतं.

पॅनहार्ड दांडीचं पण तेच, किटमधली २२ इंची आणि चालायच्या उंचीलाच ३ इंच तिरकी, ॲक्सल वर गेला की जवळपास इंचभर बाजूला, टायर हौद्याच्या पत्र्याला लागायचाच. ३० इंची केली आणि चालायच्या उंचीला एकदम आडवी ठेवली, आता पाव इंच सरकते. पक्कं वेल्डिंग हे सगळं तपासल्यावरच केलं.

घेणार असाल तर ऑर्डर द्यायच्या आधी फोन करून वरच्या लिंका आणि पॅनहार्ड लांब मिळतील का विचारा, मी नंतर विचारलं तर त्यांनी नुसत्या नळीचे पैसे घेऊन पाठवून दिल्या.