‘डोमेन’ लिहू की ‘प्रक्षेत्र’?

इंदूरच्या आमच्या मंडळाला वेबसाइटच्या पत्त्यासाठी ‘.भारत’ने संपणारं नाव, म्हणजेच डोमेन, घ्यायचंय. माहितीपत्रक लिहिणारी भाची अडली: ‘मामा, डोमेन लिहू की प्रक्षेत्र?’

समजायला डोमेन सोपं. राजवाड्याजवळचा मोबाइलवालाही तेच बोलतो. प्रक्षेत्र ऐकून तिची आजी म्हणाली, ‘शेत घेतलंस का गं?’ शोधायलाही डोमेनच बरं, बिलावर तेच छापलेलं असतं.

नेमकेपणाचं मात्र निराळं. २०१० च्या आरएफसी ५८९० या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाने एकाच नावाच्या दोन रूपांना दोन संज्ञा दिल्या. टिंबांनी तोडलेल्या नावाचा प्रत्येक तुकडा म्हणजे लेबल; तो देवनागरीत दिसतो ते यू-लेबल. डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेत, जातं ते ए-लेबल. ‘भारत’चं ए-लेबल ‘एक्सएन--एच२बीआरजे९सी’, अर्थातच रोमनमध्ये. लेबलची ६३ बाइटांची मर्यादा याच रूपाला लागते, म्हणून दोन्हींना नुसतं ‘नाव’ म्हटलं की घोळ झालाच. इथे ‘दिसतं रूप’ आणि ‘यंत्ररूप’ हे मराठी शब्द चटकन उलगडतात. घडवायला मेहनत पडते, आणि चौघांनी एकच शब्द वापरायला हवा. आमच्या मंडळात तेच अवघड!

सभासदांच्या पत्रकात डोमेन. सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या टिपणात यू-लेबल, ए-लेबल जसेच्या तसे. मुलांना शिकवताना दिसतं रूप, यंत्ररूप. प्रक्षेत्र फक्त पारिभाषिक कोशासाठी.