वीस इंची दुनळी : नऊ महिने आणि अकराशे काडतुसांनंतर

गेल्या सप्टेंबरात मी बारा बोअरची, वीस इंच नळ्यांची दुनळी बंदूक विकत घेतली आणि तेव्हापासून नऊ महिन्यांत तिच्यातून सुमारे अकराशे काडतुसे झाडली. अमेरिकेत या प्रकाराला कोच गन म्हणतात, कारण टपाल आणि प्रवासी वाहणाऱ्या घोडागाडीवर गाडीवानाशेजारी बसणारा पहारेकरी अशी बंदूक बाळगत असे. मी राहतो त्या ॲरिझोनातून १८५८ साली बटरफील्डच्या टपालगाड्या धावू लागल्या, आणि वेल्स फार्गो या पैसा-टपाल वाहणाऱ्या कंपनीच्या पेट्यांची राखणही अशाच आखूड दुनळ्यांनी होत असे. उघड्या, हिंदकळणाऱ्या बाकावर लांब नळी वळवता येत नाही, एवढाच त्या आखूडपणाचा मूळ हेतू. ॲरिझोनातल्याच टूम्बस्टोन गावच्या २६ ऑक्टोबर १८८१ च्या चकमकीत डॉक हॉलिडे या नामांकित बंदूकबाजाच्या हाती दुनळी होती, त्यामुळे या बंदुकीभोवती दंतकथाही पुष्कळ आहेत. त्या बाजूला ठेवून वापरात काय आढळले तेवढेच लिहितो.

माझा वापर काउबॉय ॲक्शन शूटिंग या स्पर्धाप्रकारापुरता आहे. सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटीच्या नियमांनुसार खेळल्या जाणाऱ्या या खेळात दोन रिव्हॉल्व्हर, एक लिव्हरची रायफल आणि एक शॉटगन अशी चार हत्यारे वेळ लावून एकामागून एक चालवायची असतात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा पोशाख करायचा असतो आणि प्रत्येकाला टोपणनाव घ्यावे लागते. (माझे टोपणनाव मालवणावरून घेतले आहे, आणि टाइमर धरणारे गृहस्थ ते पुकारताना दर महिन्याला नव्याने अडखळतात.) शॉटगनसाठी लोखंडी पाट्या असतात; छर्रे नीट बसले की पाटी मागे पडते, न पडल्यास पुन्हा बार टाकता येतो, पण घड्याळ थांबत नाही.

इथल्या मराठी मंडळींपैकी कोणी विचार करत असेल तर आधी एक गोष्ट सांगतो. ग्रीन कार्ड नसताना, केवळ एच-१बीसारख्या व्हिसावर असताना, बंदूक बाळगण्यास संघीय कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई आहे. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारल्याशिवाय गृहीत धरू नयेत. मी ग्रीन कार्ड हाती येईपर्यंत थांबलो. दुसरी गोष्ट लांबीची. शॉटगनची नळी १८ इंचांपेक्षा किंवा एकूण बंदूक २६ इंचांपेक्षा आखूड असेल तर ती १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टच्या कक्षेत जाते, म्हणून जुनी लांब दुनळी घेऊन घरी करवत चालवण्याचा विचारही मनात आणू नये.

घेताना मी पुष्कळ बंदुका हाताळल्या. ब्राझीलमध्ये तयार होणारी स्टोगरची कोच गन सर्वांत जास्त दिसते. तुर्कस्तानातल्या हुग्लूकडून बनवून घेतलेल्या सीझेडच्या, बाहेर घोडे (हॅमर) असलेल्या दुनळ्या दिसायला फार देखण्या आहेत. जुन्या जपानी एसकेबी मिळाल्या तर जाणकार त्यांच्यावर झडप घालतात. माझी बंदूक जुनी, एका हातातून दुसऱ्या हातात आलेली आणि मधल्या किमतीची आहे. तिच्या कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण पुढे एक तक्रार येणार आहे आणि वापरलेल्या एका नगावरून कारखान्याला दोष देणे मला योग्य वाटत नाही.

दुकानात मी तीच चूक केली जी बहुतेक जण करतात: बंदूक खांद्याला लावली, नळीच्या टोकावरच्या नेम धरायच्या माशीवरून भिंतीकडे पाहिले, तोल बरा वाटला आणि पैसे मोजले. मी ती उघडून, आत डमी काडतुसे घालून, ती बाहेर कशी येतात हे पाहायला हवे होते. या खेळात दोन बार उडायला क्षणही लागत नाही. सगळा वेळ जातो तो रिकामी काडतुसे निघून नवी दोन बसेपर्यंत. आपोआप काडतूस उडवणाऱ्या इजेक्टरला नियमात मनाई आहे, त्यामुळे बंदूक मोडली, म्हणजे बिजागरीवर उघडली, की काडतुसाची कड जेमतेम वर उचलली जाते आणि पुढचे काम मनगटाच्या एका झटक्याने करावे लागते. बंदूक मागे हिसकायची, म्हणजे दोन्ही टरफले खांद्यावरून मागे जाऊन पडतात. माझी तशी पडत नव्हती. पहिल्या स्पर्धेत डावीकडचे टरफल चेंबरमध्ये, म्हणजे नळीत काडतूस बसते त्या जागी, चिकटून बसले आणि मी ते नखाने ओढत असताना मागे उभ्या असलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या एका गृहस्थांनी शांतपणे सांगितले की बंदुकीला नाही, चेंबरला पॉलिश लागते. पुढच्या आठवड्यात बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडून दोन्ही चेंबर आरशासारखे करून घेतले, कडा किंचित मोकळ्या करून घेतल्या, आणि त्या एका कामाने बंदूक अक्षरशः बदलली.

डिसेंबरात गावी गेलो तेव्हा हे सगळे काकांना सांगितले. त्यांच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची तीस इंची दुनळी आहे, आणि वानर-डुकरांना पिटाळण्यासाठी वर्षाकाठी चार-सहा बार उडतात. त्यांनी बंदूक मोडली, टरफल अंगठ्याने सावकाश काढले, हुंगले आणि सदऱ्याच्या खिशात टाकले. टरफले मागे भिरकावण्यासाठी कोणी पैसे देऊन चेंबर घासून घेतो, हे त्यांना शेवटपर्यंत पटले नाही.

काडतुसांच्या बाबतीत नियम साधा आहे: शिशाचेच आणि चार नंबर किंवा त्याहून बारीक छर्रे. मी सुमारे २६ ग्रॅम छऱ्यांची, सेकंदाला ९८० फूट वेगाची हलकी काडतुसे वापरतो. नेहमीच्या जोरकस काडतुसांनी पाट्या काही अधिक वेगाने पडत नाहीत; तीन किलोच्या आतबाहेर वजनाची बंदूक खांदा मात्र फोडून काढते. गुळगुळीत प्लास्टिकचीच टरफले घ्यावीत, कारण पन्हाळी असलेली स्वस्त टरफले पॉलिश केलेल्या चेंबरमध्येही अडतात.

आखूड नळीने छर्रे जास्त पसरतात ही समजूत मी स्वतः कागद लावून तपासली. पसारा ठरतो तो नळीच्या तोंडाच्या चोकमुळे, म्हणजे तोंडाशी नळी किती आवळली आहे त्यामुळे, लांबीमुळे नव्हे. दहा यार्डांवर माझ्या उजव्या नळीचा पसारा जेवणाच्या ताटाएवढा आला आणि डाव्या नळीचा त्याहून थोडा घट्ट, पण चार बोटे खाली. वेगही थोडासाच घटतो. आखूडपणाचा खरा तोटा उडत्या मातीच्या चकत्यांवर कळतो: नळी झपकन वळते आणि तितक्याच झपकन थांबते, त्यामुळे बार चकतीच्या मागे जातो. ज्याला तेच खेळायचे आहे त्याने ही बंदूक घेऊच नये.

आखूडपणाचा दुसरा धोका मी स्वतः चुकून शिकलो. नळीचे तोंड सदैव समोरच्या १७० अंशांत राहिले पाहिजे असा नियम आहे. जानेवारीत घाईने टरफले झटकताना माझ्या बंदुकीचे तोंड उजवीकडे त्या मर्यादेपलीकडे गेले; ती रिकामी आणि उघडी होती, तरीही स्पर्धेतला माझा तो स्टेज (टप्पा) बाद झाला, आणि तसे व्हायलाच हवे होते. आता मी घरी, खोलीत एकही खरे काडतूस नसताना, भिंतीवर चिकटवलेल्या पट्टीकडे तोंड ठेवून रोज पंधरा मिनिटे तोच झटका गिरवतो.

दोन चापांची सवय लागायला महिना लागला. पुढचा चाप उजवी नळी उडवतो, मागचा डावी. दस्ता माझ्या मापाला लांब असल्यामुळे हात पुढे सरकत असे आणि धक्क्याबरोबर चापाची कडी मधल्या बोटावर आदळत असे. बोट काळेनिळे घेऊन तीन सोमवार ऑफिसात टाइप केल्यावर दस्ता दीड इंच कापून घेतला आणि त्यावर चामड्याची गादी बांधली. त्यानंतर बोट शाबूत आहे.

आता ती तक्रार. सुमारे नऊशे काडतुसांनंतर डावी नळी मधूनच रुसू लागली. काडतुसाच्या टोपीवर खूण उमटे, पण अगदी उथळ. टोपीवर आदळून बार उडवणाऱ्या फायरिंग पिनचे टोक झिजले होते. सुटा भाग मिळायला सात आठवडे लागले, आणि विक्रेत्याकडून त्या काळात आलेली उत्तरे वाचण्यासारखी नव्हती. बार न उडाल्यास अशा वेळी किमान तीस सेकंद बंदूक समोर रोखून थांबावे आणि मगच उघडावी. बार उशिराने उडू शकतो.

नवा पिन बसून दोन महिने झाले आणि दोन्ही नळ्या चोख चालत आहेत. फिनिक्सच्या बेन एव्हरी रेंजवर फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास विंटर रेंज ही राष्ट्रीय स्पर्धा भरते. पुढच्या वेळी तिथे नाव देण्याचा विचार आहे. तोवर उन्हाळा काढायचा आहे, आणि सध्या सकाळी नऊनंतर नळ्या इतक्या तापतात की डाव्या हातात चामड्याचा हातमोजा घातल्याशिवाय बंदूक धरवत नाही.