रेजेक्स आधीच कंपाइल करून ठेवायचा की थेट वापरायचा? पायथन, गो, जावा, पीएचपी, रस्ट शेजारी-शेजारी ठेवून

रेजेक्स म्हणजे मजकुरात काय शोधायचं ते सांगणारा छोटा नमुना, म्हणजेच पॅटर्न. तो आधी कंपाइल करून (म्हणजे इंजिनला चालवता येईल अशा रूपात आणून) व्हेरिएबलमध्ये ठेवायचा का जिथे लागेल तिथे थेट फंक्शन मारायचं, हा प्रश्न नवीन प्रोजेक्ट सुरू झाला की हमखास निघतो आणि उत्तर मिळतं ते बहुतेक वेळा "आधी कंपाइल कर, फास्ट असतं" एवढंच. आता हे उत्तर काही भाषांत शंभर टक्के बरोबर आहे, काही भाषांत त्याने काडीचाही फरक पडत नाही, आणि एखाद्या ठिकाणी तर नेमकं त्याच्यामुळेच बग येतो. म्हणून ज्यांना आत्ता भाषा किंवा लायब्ररी ठरवायचीय त्यांच्यासाठी हे सगळं एका जागी लिहितोय. माझं मत आधीच सांगतो, कंपाइल कधी करायचं यापेक्षा कंपाइल करून लायब्ररी त्या पॅटर्नचं काय बनवते ते बघून निवड करा, कारण पहिल्या प्रश्नात चूक झाली तर प्रोग्राम थोडा हळू चालतो, दुसऱ्यात झाली तर सर्व्हर झोपतो.

पहिला प्रश्न पटकन उरकू, सुरुवात पायथनपासून. पायथनचं आरई मॉड्यूल आतल्या आत कॅशे, म्हणजे कंपाइल झालेल्यांचा साठा, ठेवतं, ५१२ पॅटर्नचा. तुम्ही थेट सर्च किंवा मॅच बोलावलंत तरी ते आधी कॅशेत बघतं, सापडला तर तोच वापरतं, नाही तर कंपाइल करून आत ठेवतं. म्हणजे पाच-पन्नास पॅटर्न असतील तर थेट बोलावण्याचा खर्च म्हणजे एक फंक्शन कॉल आणि एक डिक्शनरीतला शोध, बस. लाखो ओळींच्या लूपमध्ये तो दिसतो, एरवी नाही. पण इथे एक मेख आहे. पॅटर्न जर तुम्ही रनटाइमला बनवत असाल, म्हणजे प्रत्येक युजरचं नाव किंवा प्रत्येक प्रॉडक्टचा कोड घालून वेगळा पॅटर्न, तर ५१२ ची मर्यादा भराभर संपते आणि जुने बाहेर जायला लागतात, आणि ६०० पॅटर्न ओळीने फिरवत राहिलात तर दर वेळी हवा असलेला पॅटर्न नुकताच बाहेर गेलेला असतो, मग कॅशे असून नसल्यासारखा. पायथनमध्ये हे जास्त लागतं कारण पॅटर्न वाचून त्याचं कोडमध्ये रूपांतर करायचं काम शुद्ध पायथनमध्ये लिहिलेलं आहे, सी भाषेत आहे ते फक्त जुळवणारं इंजिन. म्हणून अशा ठिकाणी स्वतःच्या डिक्शनरीत कंपाइल केलेले ऑब्जेक्ट ठेवा. उलट बाजूने, छोटं कमांड लाइन टूल असेल आणि मॉड्यूलच्या डोक्यावर शे-दीडशे पॅटर्न कंपाइल करून ठेवले असतील तर टूल फक्त मदतीचा मजकूर दाखवायलाही ते सगळे कंपाइल करत बसतं. तिथे लागेल तेव्हाच कंपाइल करणं बरं.

गो मध्ये असा कॅशे नाही. रेजेक्सपी पॅकेजचं मॅचस्ट्रिंग थेट बोलावलंत की प्रत्येक वेळी पॅटर्न नव्याने कंपाइल होणार, लूपमध्ये टाकलंत तर प्रत्येक फेरीत होणार. म्हणून पॅकेजच्या पातळीवर मस्टकंपाइल वापरून एकदाच व्हेरिएबल करायचं ही तिथली रूढ पद्धत, आणि ती चांगली आहे कारण पॅटर्नमध्ये कंस राहिला असेल तर प्रोग्राम सुरू होतानाच पॅनिक होतो, म्हणजे कोसळतो, रात्री दोन वाजता कुठल्या तरी कोपऱ्यातल्या फंक्शनमध्ये नाही. फक्त पॅटर्न युजरकडून येत असेल तर चुकूनही मस्टकंपाइल नको, साधं कंपाइल घ्या आणि एरर तपासा, नाहीतर कुणीतरी अर्धवट कंस टाइप केला की तुमच्याकडे पॅनिक. कंपाइल झालेलं ऑब्जेक्ट कितीही गोरूटीनमधून (गोमधली समांतर चालणारी कामं) एकाच वेळी वापरा, चालतं.

जावा इथे गोच्या बाजूला बसतं. स्ट्रिंगची मॅचेस आणि रिप्लेसऑल या मेथड दिसायला निरुपद्रवी, पण दर कॉलला आत पॅटर्न कंपाइल होतो. स्प्लिटला एका साध्या अक्षरावर तोडायचं असेल तर शॉर्टकट आहे, तो रेजेक्सकडे जातच नाही, त्यामुळे स्वल्पविरामावर स्प्लिट करताना जीव खाऊ नका. बाकी ठिकाणी स्टॅटिक फायनल पॅटर्न ठेवा. पॅटर्न थ्रेड-सेफ आहे (एकाच वेळी अनेक थ्रेडनी वापरला तरी चालतो), तो मजकुरावर चालवणारा मॅचर नाही, हे मात्र लक्षात ठेवा, मॅचर शेअर केलेला कोड टेस्टमध्ये पास होतो आणि लोड आला की विचित्र निकाल द्यायला लागतो.

पीएचपीमध्ये तर निवडच नाही, कंपाइल असं फंक्शनच मिळत नाही, प्रीगची फंक्शन्स आतून पीसीआरई-टू ही लायब्ररी वापरतात आणि प्रत्येक प्रोसेसला ४०९६ पॅटर्नचा कॅशे असतो, शिवाय जेआयटी (चालता चालता पॅटर्नचा मशीन कोड बनवणं) बाय डिफॉल्ट चालू. तेव्हा पीएचपीवाल्यांनी या प्रश्नावर वेळच घालवू नये. डॉटनेटमध्ये स्टॅटिक मेथडचा कॅशे फक्त १५ चा आहे, त्यामुळे तिथे ऑब्जेक्ट ठेवलेला बरा, आणि डॉटनेट ७ पासून सोर्स जनरेटर आहे, तो बिल्डच्या वेळीच पॅटर्नचा सी-शार्प कोड बनवून देतो, पॅटर्न आधी माहीत असेल तर मला या सगळ्यांत हाच प्रकार जास्त आवडतो. जावास्क्रिप्टमध्ये मात्र सांभाळून. जी फ्लॅग (सगळ्या जागा शोधायची खूण) लावलेला रेजेक्स बाहेर एकदाच बनवून टेस्ट मेथडला वापरलात तर तो मागच्या वेळी कुठे थांबला ते स्वतःजवळ लक्षात ठेवतो, आणि तीच स्ट्रिंग एकदा जुळते, दुसऱ्यांदा जुळत नाही. इथे "एकदाच बनवा" हा सल्ला डोळे झाकून पाळला की बग येतो. नुसतं हो-नाही हवं असेल तर जी फ्लॅग काढून टाका.

आता दुसरा प्रश्न, आणि खरं वजन याला द्या.

कंपाइल म्हणजे पॅटर्नचा मजकूर वाचून इंजिनला चालवता येईल असं काहीतरी बनवणं. केन थॉम्पसनने १९६८ मध्ये जो पेपर लिहिला त्यात तर पॅटर्नवरून थेट आयबीएम ७०९४ चा मशीन कोड बनवला होता, आणि त्याची पद्धत अशी की मजकुराचं एकेक अक्षर घ्यायचं आणि शक्य असलेल्या सगळ्या वाटांवर एकदम पुढे सरकायचं, मागे यायचंच नाही. म्हणून मजकूर दुप्पट झाला तर काम साधारण दुप्पट. नंतर बॅकरेफरन्स (आधी जुळलेला तुकडाच पुढे पुन्हा मागणं) आणि पुढे-मागे डोकावणारे लुकअराउंड असल्या सोयी आल्या, आणि त्या देण्यासाठी बऱ्याच लायब्ररींनी बॅकट्रॅकिंग घेतलं, म्हणजे एक वाट धरून जायचं, अडकलं की मागे यायचं, दुसरी वाट धरायची. फिलिप हेझल यांनी १९९७ मध्ये एक्झिम मेल सर्व्हरसाठी लिहायला घेतलेली पीसीआरई, पायथनचं आरई, जावाचं पॅटर्न, सगळी याच घरातली. रस कॉक्स यांची आरई-टू, जी गूगलने २०१० मध्ये खुली केली, गोचं रेजेक्सपी आणि रस्टचं रेजेक्स क्रेट (रस्टमध्ये लायब्ररीला क्रेट म्हणतात) ही मात्र थॉम्पसनच्या घरातली.

फरक कुठे पडतो ते बघा. पायथनमध्ये (क+)+$ असा पॅटर्न घ्या (प्लस म्हणजे एक किंवा जास्त वेळा, $ म्हणजे मजकुराचा शेवट) आणि मजकूर द्या पंचवीस-तीस क आणि शेवटी एक ख. जुळत नाही हे आपल्याला डोळ्यांनी दिसतं, पण इंजिन ते क गटांमध्ये वाटण्याचे सगळे प्रकार करून बघतं, आणि एक क वाढवला की काम साधारण दुप्पट होतं. हे आधी कंपाइल केलं काय न केलं काय, काहीच फरक नाही. गो किंवा रस्टमध्ये हाच पॅटर्न क्षणात "नाही" म्हणून परत येतो.

आणि हे फक्त पुस्तकी उदाहरण नाही. २० जुलै २०१६ ला स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रामरांची प्रश्नोत्तरांची साइट ३४ मिनिटं बंद पडली होती, कारण ओळीच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या स्पेस काढणारा एक अगदी साधा पॅटर्न आणि एका पोस्टमध्ये एकापुढे एक आलेल्या सुमारे २०,००० स्पेस. त्या स्पेस ओळीच्या शेवटी नव्हत्या, त्यामुळे इंजिनने प्रत्येक स्पेसपासून नव्याने सुरुवात करून बघितली, सुमारे २० कोटी तपासण्या. दुसऱ्यांच्या साइटना सुरक्षा आणि वेग पुरवणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीचं २ जुलै २०१९ चं प्रकरण त्याहून मोठं, फायरवॉलच्या नव्या नियमात .*(?:.*=.*) असा तुकडा होता, जगभरातल्या त्यांच्या सर्व्हरचे सीपीयू १०० टक्क्यांना टेकले आणि २७ मिनिटं असंख्य साइट बंद. त्यानंतर त्यांनी आरई-टू किंवा रस्टच्या इंजिनाकडे जायचं ठरवलं. दोन्हीकडे पॅटर्न लिहिणारे अनुभवी लोक होते, म्हणून "आमची टीम नीट लिहिते" यावर भिस्त ठेवू नका.

मग सगळ्यांनी गो-रस्टच घ्यावं का, तर तसंही नाही. तिथे बॅकरेफरन्स नाही, लुकअहेड-लुकबिहाइंड नाही, पासवर्डमध्ये आकडा आहे का, मोठं अक्षर आहे का हे एकाच पॅटर्नमध्ये लुकअहेडने तपासायची सवय असेल तर ते कंपाइलच होणार नाही, प्रत्येक तपासणीला वेगळा पॅटर्न असे करावे लागतील (ते वाचायलाही सोपे जातात, पण जुना कोड हलवताना त्रास होतो). गोच्या इंजिनात आरई-टूसारखं डीएफए (एका वेळी एकाच स्थितीत राहून पुढे सरकणारं वेगवान यंत्र) नाही, त्यामुळे वेळेची हमी असली तरी साध्या कामातही कधी कधी हळू वाटतं, तिथे स्ट्रिंग्ज पॅकेजचं कंटेन्स किंवा हॅजप्रिफिक्स पुरत असेल तर तेच वापरा. रस्टचं इंजिन वेगवान आहे पण कंपाइलचा खर्च जास्त, लूपमध्ये कंपाइल केलंत तर जोरात लागतं, आणि युनिकोडचा मोठा अक्षरवर्ग घेऊन त्याला शंभर-दोनशे वेळा असं लिहिलंत तर आतलं यंत्र फुगतं, बाय डिफॉल्ट १० एमबीची मर्यादा ओलांडली की एरर येतो. हा एरर कंपाइललाच येतो हे मला फार बरं वाटतं, रिक्वेस्ट चालू असताना नाही. रस्ट १.८० पासून लेझीलॉक (पहिल्यांदा लागेल तेव्हाच एकदा बनवून ठेवणारा डबा) स्टँडर्ड लायब्ररीत आलंय, त्यात रेजेक्स ठेवायचा, वेगळं क्रेट लागत नाही.

बॅकट्रॅकिंगच्या घरातही दारं-खिडक्या आहेत. पीएचपीत बॅकट्रॅक लिमिट आहे, बाय डिफॉल्ट १० लाख, ते ओलांडलं की प्रीगमॅच फॉल्स देतं, शून्य नाही. आता बरेच जण फॉल्स आणि शून्य एकच धरतात, म्हणजे तपासणी मोडली आणि तुम्ही समजलात की वाईट मजकूर सापडला नाही. सुरक्षेच्या तपासणीत हे फार महागात पडतं, तीन बरोबरच्या खुणा लावूनच तुलना करा. डॉटनेटमध्ये टाइमआउट आहे आणि ७ पासून नॉनबॅकट्रॅकिंग पर्यायही. रुबी ३.२ मध्येही टाइमआउट आला. पायथनच्या आरईमध्ये टाइमआउट नाही, ३.११ पासून पझेसिव्ह क्वांटिफायर आणि ॲटॉमिक ग्रुप (एकदा जुळलेलं परत न सोडणारे प्रकार) आलेत, त्याने धोका कमी करता येतो पण तो लिहिणाऱ्याला कळायला हवा.

तर मला कुणी विचारलं तर असं सांगेन. पॅटर्न तुमचाच, मजकूरही तुमचाच, म्हणजे स्वतःचे लॉग, स्वतःच्या फाइल, तर ज्या भाषेत आहात तीच वापरा, भाषा बदलण्याइतका हा विषय मोठा नाही. पॅटर्न तुमचा पण मजकूर बाहेरच्यांचा असेल तर आधी लांबीला मर्यादा घाला, मग संशयास्पद पॅटर्न शोधा, एकात एक प्लस किंवा स्टार दिसला की थांबा. आणि पॅटर्नच बाहेरून येत असेल, म्हणजे युजरला सर्च बॉक्समध्ये रेजेक्स लिहू देताय, तर बॅकट्रॅकिंग इंजिन नकोच, यात मी मधली वाट मानत नाही. पायथन सोडायचं नसेल तर गूगल-आरई-टू हे पॅकेज आहे, फक्त तेवढा भाग त्याच्यावर टाका आणि बाकी आरईवर राहू द्या.

मराठी मजकुरावर काम करणाऱ्यांनी मात्र अजून एक गोष्ट बघूनच ठरवावं, आणि तुलनेच्या लेखांत ती सहसा येत नाही. शब्द शोधायला आपण बॅकस्लॅश-डब्ल्यू (शब्दातलं कुठलंही अक्षर) आणि प्लस लिहितो. पायथनच्या आरईला मात्रा आणि हलन्त हे शब्दाचे भाग वाटत नाहीत, त्यामुळे "मराठी" मधून "मर" आणि "ठ" असे दोन तुकडे मिळतात. वेगळं मिळणारं रेजेक्स नावाचं पॅकेज हे नीट करतं. गो आणि आरई-टूमध्ये बॅकस्लॅश-डब्ल्यू फक्त रोमन अक्षरांपुरतं, म्हणजे मराठी शब्द अजिबात सापडत नाही, तिथे देवनागरी लिपीचा वर्ग नावाने द्यावा लागतो, जावातही युनिकोडचा फ्लॅग वेगळा लावावा लागतो. रस्टमध्ये काही न करता पूर्ण शब्द येतो. आणि नुसता देवनागरी वर्ग दिला म्हणून सुटलात असं नाही, "कऱ्हाड" मधला अर्धा र काही कीबोर्ड न दिसणारं झिरो विड्थ जॉइनर घालून लिहितात, ते कॅरेक्टर देवनागरी वर्गात धरलं जात नाही आणि शब्द तिथे तुटतो, म्हणून वर्गात ते वेगळं घाला. आकड्यांचं उलट आहे. पायथन आणि रस्टमध्ये बॅकस्लॅश-डी ला ० ते ९ असे देवनागरी आकडेही चालतात, गो आणि जावात चालत नाहीत. फॉर्ममध्ये कुणी पिनकोड देवनागरीत टाकला तर पायथनची तपासणी तो पास करते आणि पुढे डेटाबेसला तो वेगळाच मजकूर वाटतो, तेव्हा तिथे एकतर आस्की फ्लॅग (फक्त इंग्रजी आकडे धरणारा) लावा किंवा, मला हे जास्त बरोबर वाटतं, आकडे आधी एका लिपीत करून घ्या आणि मगच रेजेक्सकडे द्या, म्हणजे मराठीत लिहिणाऱ्या माणसाला तुमचा फॉर्म परत पाठवणार नाही.