वायट की एलिझाबेथ? मनातल्या झगड्यावर निबंधासाठी कोणती कविता घ्यावी

पुनर्जागरण काळातल्या इंग्रजी कवितेतला मनाचा झगडा आणि अलंकार यांवर निबंध लिहायचा असेल, तर दोन कविता शेजारी ठेवून वाचाव्यात: टॉमस वायटची ‘आय फाइंड नो पीस’ आणि पहिल्या एलिझाबेथ राणीच्या नावावर असलेली ‘ऑन मॉन्शिअर्स डिपार्चर’. दोन्हींत गोठणं आणि जळणं एकाच ओळीत येतं, म्हणून त्या वरवर सारख्या वाटतात. झगडा मात्र वेगळ्या जातीचा आहे.

वायटचं 14 ओळींचं सुनीत म्हणजे इटालियन कवी पेत्रार्कच्या 134व्या कवितेचा अनुवाद. युद्ध संपलं तरी शांती नाही, डोळ्यांविना दिसतं, जिभेविना गाऱ्हाणं चालतं. जवळजवळ प्रत्येक ओळीत विरोधाभास. निबंध इथेच फसतो. विरोधाभासांची यादी होते आणि विश्लेषण राहून जातं, कारण झगडा पुढे सरकतच नाही. पहिल्या ओळीत अडकलेला माणूस तेराव्या ओळीतही तिथेच आहे. लिहिण्यासारखं खरं आहे ते शेवटच्या ओळीत. पेत्रार्क तिथे प्रेयसीलाच सांगतो, की तुझ्यामुळे माझी ही दशा झाली. वायट ते संबोधन काढून टाकतो आणि या कलहाचं मूळ ‘माझा आनंद’ आहे म्हणतो. हा आनंद म्हणजे ती, की त्याची स्वतःची ओढ? उत्तर तो देत नाही. यावर भरपूर लिहिता येईल, पण पेत्रार्कचा भरवशाचा अनुवाद हाताशी हवाच. वायटचं जिच्यावर प्रेम होतं असं म्हटलं जातं त्या अ‍ॅन बोलीनचा, म्हणजे आठव्या हेन्रीच्या राणीचा, धागा जोडायचा मोह टाळा. मुळात पेत्रार्कच्या असलेल्या ओळींतून वायटचं चरित्र निघत नाही.

राणीची कविता 18 ओळींची, सहा-सहा ओळींची तीन कडवी. एलिझाबेथशी ज्याच्या लग्नाची बोलणी चालली होती तो फ्रेंच राजपुत्र, आंजूचा ड्यूक (शीर्षकातला ‘मॉन्शिअर’), 1582च्या फेब्रुवारीत इंग्लंडहून निघून गेला, त्या प्रसंगाशी ती जोडली जाते. वायटमध्ये दोन भावना एकमेकींशी भांडतात. इथे भावना भांडते ती दिसण्याशी. दुःख आहे पण दाखवायला धजत नाही, प्रेम आहे पण द्वेष दाखवणं भाग आहे. ‘धजणं’ आणि ‘भाग पडणं’ ही क्रियापदं अधोरेखित करा. भाग कोण पाडतं, हे कवितेत कुठेच येत नाही.

दुसऱ्या कडव्यात चिंतेला दिलेली सावलीची उपमा सगळ्यात कसदार. पळालं की ती मागे लागते, पाठलाग केला की पळते. तीन ओळी ती निव्वळ चिंता असते. चौथ्या ओळीत सर्वनाम बदलतं, ‘त्याची’ असं येतं, आणि चिंतेच्या आडचा माणूस दिसतो. तिसऱ्या कडव्यात पहिल्यातलं गोठणं-जळणं वितळत्या बर्फात उतरतं. शब्दांची जोडणीही बदलते: सुरुवातीला ‘तरीही’, शेवटी ‘किंवा’. तरंगू दे किंवा बुडू दे, सुखानं जगू दे किंवा मरू दे.

हजार शब्दांचा निबंध असेल, तर बेलाशक राणीची कविता घ्या. कडव्यागणिक झगडा सरकतो, त्यामुळे निबंधाला आपोआप चाल मिळते. ड्यूकच्या प्रसंगाला शंभरेक शब्द पुरेत; त्याहून वाढले की निबंध कवितेचा न राहता लग्नाच्या बोलण्यांचा होतो. वायट घ्यावा तो दोन हजारांच्या पुढे जागा असेल आणि पेत्रार्कशी ओळीला ओळ लावून बघायची तयारी असेल तरच.