चौदा जोड हातमोजे आणि दोनदा गेलेले पैसे

आमच्या बचत गटातल्या चौदा बायांचे पैसे माझ्या हातून गेले. हे लिहायला दोन महिने लागले. गावात ज्याच्या त्याच्या तोंडी तोच विषय होता आणि मला मान वर करून चालवत नव्हतं. पण परवा शेजारच्या गावची एक बाई मोबाईलवर हातमोज्यांची तशीच जाहिरात घेऊन आली आणि म्हणाली, "ताई, घेऊ का?" म्हणून सगळं सांगते.

आम्ही मोर्शी तालुक्यातल्या. संत्र्याच्या आंबिया बहाराच्या शेवटच्या तोडीला, डिसेंबरात, झुंजुमुंजू होतानाच बागेत उतरतो. विदर्भ म्हटलं की बाहेरच्यांना ऊनच आठवतं. २०१८ च्या डिसेंबरात नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, ती थंडी आम्ही संत्र्याच्या झाडाखाली काढली आहे. पानापानावर दव असतं. फांदी धरली की मनगटापर्यंत ओलं. अर्ध्या तासात बोटं अशी बधिर होतात की कात्री हातात आहे की नाही तेच समजत नाही. आणि फळ तर देठ ठेवून कापायचं असतं. देठ उपटला की ते संत्रं कॅरेटमध्ये सडतं, शेजारच्यालाही सडवतं.

तालुक्याला हातमोजे मिळतात, पण गड्यांच्या मापाचे. बोटाच्या टोकाला पेरभर जागा रिकामी राहते आणि नेमकी तीच कात्रीत सापडते. आमच्यातल्या एका मावशीनं असंच मोज्याचं टोक कापलं, आत थोडं बोटही कापलं. लोकरीचे मोजे दवानं भिजले की उघडा हात परवडला. आम्हाला हवे होते आतून ऊबदार अस्तराचे, तळव्याला रबर चढवलेले आणि बायांच्या हातात घट्ट बसणारे.

नोव्हेंबरात मोबाईलवर जाहिरात दिसली: 'लहान हातांसाठी, महिलांचे थंडीतले कामाचे हातमोजे'. मी एक जोड मागवून पाहिला, घरी आल्यावर पैसे द्यायचे होते. जोड छान निघाला. कात्री धरून पाहिली, बारीक देठही नीट धरता येत होता. तो नमुन्याचा जोडच गळ होता, हे तेव्हा कुठून कळणार!

मग मी चौदा जोड सांगितले. विकणारा गोड बोलायचा, दर वाक्याला ताई. "दोनापेक्षा जास्त नग असले की आधी पैसे भरावे लागतात," म्हणाला. २२० रुपयांप्रमाणे ३,०८० रुपये मी गटाच्या पैशातून पाठवले. पैसे गेले ते एका माणसाच्या नावावर, दुकानाच्या नावावर नाही. ते नाव मी वाचलं होतं आणि तरी पुढचं बटण दाबलं.

नवव्या दिवशी पार्सल आलं. ओसरीवर सगळ्या जमल्या. पहिला जोड मावशीनं घातला, बोटं आत हरवून गेली. "हे तं माह्या बुढ्यालेच होतीन व माय!" ती म्हणाली आणि कोणी हसलं नाही. आत अस्तर नव्हतं, नुसती पातळ होजिअरी. मनगटाजवळ '७' लिहिलेली चिकटपट्टी होती. मी नखानं ती खरवडली. खाली छापलेलं होतं '१०'.

या आकड्यांचा अर्थ मी नंतर शिकले, आधी शिकायला हवा होता. अंगठा सोडून तळव्याचा सगळ्यात रुंद भाग शिंप्याच्या टेपनं मोजायचा. घेर साधारण १५ सेंटिमीटर असेल तर ६ नंबर, १८ च्या आसपास असेल तर ७, २० ला ८ आणि २३ ला ९. माझा हात साडेसतरा, म्हणजे मला ७. नुसतं 'स्मॉल' किंवा 'फ्री साईज' लिहिलेलं असेल तर त्यावरून काहीच कळत नाही. थंडीसाठी तपासलेल्या मोज्यावर हिमकणाचं चिन्ह असतं आणि त्याखाली तीन आकडे. तिसरा पाण्याचा, तो ० असेल तर पाणी अडवण्याची खात्री नाही. आमच्या मोज्यांवर हिमकण छापला होता, आकडे नव्हतेच. पिशवीवर बनवणाऱ्याचं नाव, पत्ता, किंमत, काही नाही. नमुन्याच्या पिशवीवरही नव्हतं. तेव्हाच मी थांबायला हवं होतं.

फोन केला. "ताई, गोदामात चूक झाली, पैसे लगेच परत करतो." त्यानं क्यूआर कोड पाठवला. स्कॅन करा, रक्कम दिसेल, पिन टाका, पैसे जमा होतील, असं सांगितलं. मी घाबरलेली होते, गटाचे पैसे डोळ्यांपुढे होते. पिन टाकला आणि आणखी ३,०८० रुपये गेले, हे माझे, कापसाचे. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे आपणच पैसे देतो. हे मी आता गटाच्या दर बैठकीत म्हणून घेते, सगळ्यांकडून.

दुसरी चूक उशिराची. मी रात्रभर कोणाला बोलले नाही. भाच्यानं सकाळी १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन लावायला लावला. तिथून बँकेला कळवून पैसे अडवता येतात, पण ते पुढच्या खात्यात पळायच्या आत. माझे पळून गेले होते. सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली, तिचा क्रमांक आहे. मोज्यांसाठी ग्राहक हेल्पलाईनला, १९१५ ला, वेगळी तक्रार केली. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही हेही समजलं. पण तक्रार करायची कोणावर? पत्ताच नाही. ऑनलाईन विकणाऱ्यानं नाव, पत्ता आणि तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव द्यायलाच हवं, असा २०२० चा नियम आहे. हे नसेल तिथे एक रुपयाही पाठवू नका, बायांनो.

गटाचे पैसे मी तुरीवर फेडले. भाचा बुटीबोरीला कारखान्यात आहे, त्यानं सांगितलं की नागपुरात कारखान्यांना सुरक्षेचं सामान विकणारी दुकानं आहेत. आम्ही दोघी गेलो, बाकीच्यांच्या हातांची मापं वहीत लिहून. दुकानदारानं ७ नंबरचे अस्तराचे मोजे काढले, आम्ही घालून, मूठ वळून पाहिले आणि बिल घेतलं. आता तोडीला मोजे आहेत.

मावशीनं मात्र घेतले नाहीत. ती जुन्या लुगड्याच्या चिंध्या बोटांना गुंडाळून येते.